बॉनेटवरचे जांभळे ओघळ

पिंगुळीच्या तिठ्यावर ओंकारचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. त्या दिवशी अकराच्या सुमारास तो कपाटातल्या बाटल्या एकेक करून हुंगत होता. कुठली तरी गळत होती खास. वास तर चांगलाच येत होता — कुजक्या अंड्याचा, जळक्या केसांचा, आणि वर कुणी अत्तर शिंपडावं तसा गोडसर. गाडीवर चिकटलेले लोखंडाचे कण काढायच्या औषधाचा वास तो झोपेतही ओळखला असता. पण बाटल्या सगळ्या घट्ट बंद.

“काय हरवला?”

वळून बघतो तर दारात एक मुलगी. हातात चावी. बाहेर आंब्याच्या सावलीत पांढरी टुरिस्ट गाडी. ती दोन पावलं पुढे आली... आणि वास वाढला.

“बाटली गळता वाटता खंयतरी,” ओंकार पुटपुटला.

मुलीने आपले हात नाकाशी नेले आणि ती हसली. “बाटली नाय, मी. सकाळी एका गिरायकाचे केस सरळ केलंय. समोर माजा पार्लर आसा.”

ती अनुजा. गाडी तिच्या वडिलांची. त्यांना सगळे भाईच म्हणतात, घरातही. कुडाळ स्टेशनवर त्यांचा भाड्याच्या गाडीचा धंदा. पाय मुरगळला म्हणून ते घरी बसले होते, आणि गाडी लेकीकडे आली होती. पांढऱ्या रंगावर जागोजागी नारिंगी ठिपके पडले होते, आणि उद्या त्याच गाडीतून एक नवरा लग्नाला जायचा होता.

“भाई म्हणतत, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यान गंज लागलो,” ती म्हणाली.

ओंकारने एक पातळ प्लास्टिकची पिशवी तिच्यापुढे धरली. “ही हातात घाला, आणि बॉनेटवरसून हात फिरवा. उघड्या हाताक कळणा नाय.”

तिने हात फिरवला. गुळगुळीत दिसणारा रंग पिशवीतून खसखशीसारखा बोटांना लागला.

“गाडी उभी खंय रवता?”

“रुळाच्या कुंपणाक लागान.”

“मगे ह्यो वारो न्हय. आगगाडी ब्रेक मारता तेव्हा लोखंडाची भुकटी उडता. ती रंगात रुतान बसता, आणि थंयच गंजता.”

त्याने औषध फवारलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकेका ठिपक्यातून जांभळी रेघ फुटली, खाली सरकली, शेजारच्या रेघेला मिळाली. बघता बघता पांढऱ्या बॉनेटवर जांभळाचा रस सांडल्यासारखं झालं. अनुजा बघतच राहिली.

“लोखंड सुटता,” तो हळूच म्हणाला. “पाच मिनटांनी धुवचा. सुकूक मात्र देवचा नाय.”

तिने बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. “थायोग्लायकोलेट... ह्या तर माज्या क्रीमवर पण आसा.”

“केसांक काय करता ता?”

“आतली बांधणी सैल करता. मगे केस सांगशात तसे वळतत. आणि तुज्याकडे?”

“माज्याकडे लोखंडाक धरता. धरला काय जांभळा होता.”

“म्हणजे माज्याकडे सोडता, तुज्याकडे धरता.” ती हसली. “एकच औषध, पण माणूस बघून वागता.”

ओंकारने उगीच फडका पिळला.

“माज्या बाजूक एसटीत कोण बसणा नाय,” तो म्हणाला. “वासान.”

“मी बसतलंय,” ती बोलून गेली — आणि मग आंब्याची पानं मोजायला लागली.

मग तिने आपलं सांगितलं. गेल्या वर्षी मुंबईहून एक स्थळ आलं होतं. पोहे खाल्ले, गप्पा झाल्या. मुलगा म्हणाला, कळवतो. नंतर मावशीकडून समजलं, हातांचा वास त्यांना आवडला नव्हता.

“वासाचा माका काय वाटणा नाय. पण तोंडार सांगूक काय झाला होता? पंधरा दिवस मी फोन उशाक घेवन झोपलंय. खरा सांगणारो माणूस मिळात तरच, नायतर नको.”

तो ऐकत होता. ती बोलत होती. मध्येच तिच्या कानामागची बट सुटली, ती तिने पुन्हा मागे सारली... आणि बोलता बोलता आंब्याची सावली सरकली. बॉनेटवर स्वच्छ ऊन पडलं. ओघळ होते तिथे सुकून बसले.

ओंकार धावला. पाणी मारलं, पुन्हा औषध फवारलं, पुन्हा पाणी. बरंच निघालं, तरी फिकट जांभळट पट्टे राहिलेच. आता संध्याकाळपर्यंत हाताने पॉलिश.

“भाईंक काय सांगूचा?” तो घाबरून म्हणाला. “औषधच खराब निघाला म्हणान सांगूया?”

अनुजाने हातातली पिशवी काढली, घडी करून चावीशेजारी टेबलावर ठेवली.

“तुम्हाला वाटेल ते सांगा,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

त्याने जेवण सोडलं. खांदा भरून येईपर्यंत पट्टे घासले. समोरच्या पार्लरचं दार दिवसभर बंदच होतं. उन्हं कलली तेव्हा बोटभर एकच डाग उरला, काचेच्या कडेला. गाडी घेऊन तो स्वतः भाईंच्या घरी गेला.

भाई पडवीत पाय पसरून बसले होते. आवाज ऐकून अनुजा दारात आली, पण पुढे आली नाही.

“एक डाग रवलो, भाई. सकाळी नवरो बसायच्या आधी येवन काढतंय.”

भाईंनी मान हलवली. “ऊनच तसा पडता हल्ली. औषध सुकला आसतला. तू तरी काय करतलस?”

सबब आयती समोर आली होती. नुसतं ‘होय’ म्हटलं असतं तर चाललं असतं. ओंकारने एकदा दाराकडे पाहिलं.

“ऊन न्हय, भाई. पाच मिनटांनी धुवचा असता, माका म्हायत होता. मी अर्धो तास अनुजाशी बोलत रवलंय. ती बोलाक लागली आणि... माका गाडी दिसाकच नाय.”

भाईंचा पायावरचा हात थांबला.

“अर्धो तास काय बोलत होतास?”

“सगळा आठवणा नाय. पण खूप बोलूचा रवला आसा.” ओंकारने गाडीची चावी भाईंसमोर ठेवली. “तुमची हरकत नसात तर आयेक घेवन येतंय. तुमच्यासमोर बसान बोलतंय.”

भाईंनी लेकीकडे मान वळवली. “तुका आठवता काय गो?”

अनुजाचे कान लाल झाले होते. तरी तिने नजर खाली घातली नाही. ती उंबरा ओलांडून पडवीत आली.

“माका सगळा आठवता,” ती म्हणाली. “भाई, तेका बसूक सांगा.”