शेवटच्या दोन पट्ट्या

चष्म्याची काडी निखळली होती, ती बसवून आणायला मी बाजारात निघालो होतो. नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार, संध्याकाळचे सहा. कोपऱ्यावर आमचा जॉबर भेटला. जॉबर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही दोघं एकाच कापडाच्या शेडमध्ये कामाला होतो. मी फिटर, तो मागांवरचा जॉबर, म्हणजे माग जुळवून चालते ठेवणारा. शेड बंद पडून अकरा वर्षं झाली, माग भंगारात गेले, पण त्याचं नाव जॉबरच राहिलं. आता तो त्याच रिकाम्या शेडवर रात्रपाळीचा राखणदार आहे. गोष्ट खोटी वाटली तर उद्या जाऊन त्यालाच विचारा. फक्त मोठ्यानं विचारा, त्याला कमी ऐकू येतं.

तर जॉबरच्या हातात एक पांढरी डबी होती, पेढ्याएवढी. मला म्हणाला, "चल रे माझ्याबरोबर मोबाइलच्या दुकानात. लेकीनं कानात घालायचं यंत्र पाठवलंय. गाणं लागतं, पण नातीचा आवाज काही येत नाही."

ही नात म्हणजे त्याचा जीव. सातव्या महिन्यात जन्मली, महिनाभर काचेच्या पेटीत होती. ती धड वाढावी म्हणून वहिनींनी गोड सोडलं होतं. देवाच्या कृपेनं पोर दहा महिन्यांची झाली, बडबडायला लागली. पण लेक राहते परदेशी. ती फोनवर पोरीची बडबड ऐकवायची आणि हा नुसता "हो, हो" करायचा. एकदा लेक म्हणाली, "बाबा, ती केव्हाच झोपली. तुम्ही हो हो कुणाला म्हणताय?" त्या दिवशी तो जेवला नव्हता.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं की आधी बारीक आवाज जातात. ढोल ऐकू येतो, पाखरू नाही. माझंही तसंच आहे, मी फक्त कबूल करत नाही.

दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं त्याच्या मोबाइलवर एक पान उघडलं. उभ्या आठ पट्ट्या, प्रत्येकीवर सरकणारा ठिपका.

"काका, याला इक्वलायझर म्हणतात. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक. तुम्हाला कुठलं कमी येतं?"

"बायको काय म्हणते ते," जॉबर म्हणाला.

"त्याची पट्टी कंपनीनं दिलेली नाही," मुलगी म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

तिनं जाड आवाज खाली आणले आणि उजवीकडच्या शेवटच्या दोन पट्ट्या पार वर नेल्या. मग लेकीनं पाठवलेला नातीचा आवाज लावला. जॉबर आधी तसाच उभा होता. मग त्याचं तोंड उघडं पडलं. डोळ्यांतनं पाणीच आलं हो. "हसतेय... अरे, खिदळतेय ती!"

मुलगी पण हरखली. आणि जॉबरच्या कपाळावर आठी पडली. कानावर हात ठेवून म्हणाला, "पण मागे शिटी कोण वाजवतंय?"

"शिटी? नाही काका."

त्यानं एका कानातलं काढून माझ्या कानात घातलं. पोरीचं हसणं ऐकू आलं. दुसरं काही नव्हतं.

मी जॉबरच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं. कारण त्या शिटीची गोष्ट शेडमधल्या जुन्या माणसांपैकी आम्हा दोघांनाच माहीत होती.

सव्वीस वर्षांपूर्वी जॉबरचा जोडीदार होता बारक्या. चौदा नंबरचा माग त्याचा. आमच्यात हाक मारून उपयोग नसायचा. कुणी खांद्यावर थाप मारायचं, नाहीतर बारक्यासारखं दोन बोटं तोंडात घालून शिटी. आणि शिटी आली तरी लगेच वळायचं नाही, हा शेडचा नियम. हातात तुटलेला धागा असतो. डावा हात वर करायचा, म्हणजे "ऐकलं, आलो". गाठ पुरी करायची. मग वळायचं. अर्ध्या गाठीवर वळला तर कापड बिघडतं.

एक दिवस बारक्याची बाही मागाच्या फिरत्या शाफ्टमध्ये सापडली. त्यानं शिटी मारली. जॉबरनं पाठमोऱ्यानंच डावा हात वर केला... आणि गाठ पुरी केली.

वळला तेव्हा उशीर झाला होता.

पुढं हळूहळू त्याचे कान गेले. मी एकदा म्हटलं, दाखव डॉक्टरला. तर म्हणाला, "राहू दे. बारीक आवाज गेले ते बरंच झालं. रात्री झोप तरी लागते."

आणि आता शेवटच्या दोन पट्ट्या वर गेल्या होत्या.

मंगळवारी सकाळी तो माझ्याकडे आला. रात्री शेडवर त्यानं पट्ट्या खाली केल्या. शिटी गेली. पण नातही गेली. पुन्हा वर केल्या. नात आली... आणि शिटी आली. दुकानात लांबून आली होती, रस्त्यापलीकडून आल्यासारखी. आता शेडच्या दारातून.

"मधली एखादी जागा बघ ना," मी म्हटलं. "नात येईल, शिटी येणार नाही, अशी."

"रात्रभर तेच केलं. तशी जागाच नाही रे. दोघं एकाच ठिकाणी राहतात."

मी म्हटलं, मग काढून टाक ते कानातलं. त्यानं ती पांढरी डबी मुठीत धरली. मग म्हणाला, "लेकीनं सांगितलंय, बुधवारी रात्री दोनला फोन करते, तिकडे तेव्हा दुपार असते. पोरगी 'आबा' म्हणायला लागलीय. सव्वीस वर्षांपूर्वी एकाचं ऐकलं नाही. आता हिचंही ऐकू नको म्हणतोस?"



बुधवार, एकोणीस नोव्हेंबर. पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तो शेडच्या मधोमध खुर्ची टाकून बसला. एकच दिवा. आजूबाजूला फरशी, जिथं माग होते तिथं बोल्टांची भोकं आणि तेलाचे डाग. बाकी काही नाही. दोन्ही पट्ट्या पार वर.

फोन आला. लेक बोलली. मग पोरगी. आधी बुडबुडे काढल्यासारखं काहीतरी. मग स्पष्ट...

"आ...बा."

त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

आणि शिटी.

दारातून नाही. आतून. मागून. चौदा नंबरच्या जागेवरून.

त्याचा डावा हात आपोआप वर गेला. सवयच ती. हात वर... आणि मान समोर.

कानात लेक हसत होती. "बाबा, शिटी छान मारता हो तुम्ही! बघा, पोरगी कशी टाळ्या वाजवतेय."



"बाबा? पुन्हा मारा ना."

त्यानं ओठसुद्धा हलवले नव्हते.

पुन्हा शिटी. या वेळी जवळून. तीन हातांवरून. तेवढंच अंतर होतं... तेव्हाही.

हात अजून वरच होता. त्यानं त्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताकडे. बोटांत धागा नव्हता. गाठ नव्हती. थांबायला काही कारणच नव्हतं.

फोन चालू होता. पोरगी खिदळत होती.

त्यानं हात खाली घेतला.

आणि वळला.

...

काय दिसलं, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं. दोनदा विचारलं. एवढंच म्हणाला, "मी म्हटलं, आलो रे. आणि गेलो."

सकाळी सहाला मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. शेडला आतून कडी होती. बराच वेळ ठोठावलं. त्यानंच उघडली. चेहरा शांत. ताप उतरल्यावर पोर जसं दिसतं ना, तसा. त्या रात्रीनंतर शिटी नाही. पट्ट्या अजून पार वर आहेत, आणि नात रोज आजोबांशी बोलते. म्हणून मी म्हणतो, वाईट काही झालं नाही. देवानं दोघांचंही ऐकलं असेल. मी मनाची तशी समजूत घातलीय.

तरी एक गोष्ट आहे. ती मी वहिनींनाही सांगितलेली नाही.

माग चालू असले की कापसाचा तूस उडतो. पाळी संपली की आम्ही पिठात लोळल्यासारखे दिसायचो. त्या शेडमध्ये अकरा वर्षांत धाग्याचा तुकडा आलेला नाही. जॉबरनं दार उघडलं तेव्हा त्याच्या केसांवर, भुवयांवर, सगळ्या सदऱ्यावर तूस होता. ताजा. पांढरा.

मी तो झटकायला हात उचलला... आणि तसाच थांबलो.

उजव्या खांद्यावर एवढीशी जागा स्वच्छ होती. एका तळव्याची. पाच बोटांची.