हरिपूरच्या बनूची लेबलं

त्या दिवशी श्रावणाची भुरभुर नसती, तर हरिपूरची बनू सांगलीच्या पोस्टात पार्सलं देऊन मुकाट घरी आली असती. पण पाऊस कुणाच्या बापाचं ऐकतो?

बनूच्या घरची हळद सातारा-वाईपर्यंत घरोघरी जायची. पार्सलावरचं लेबल मात्र बनूच्या हातचं! आंब्याच्या फळकुटावर चाकूच्या टोकानं ती उलटी अक्षरं कोरायची, आरशात धरून वाचायची आणि निळीत बुडवून छापायची – पाठवणार, बनुबाई, मु. पो. हरिपूर. शेजारी हळदीचं एक पान. यंदा तर हौसेला मोलच नव्हतं. तिनं सगळे कागद हळदीच्या पाण्यातून काढून पिवळेधम्मक केले. लांबूनच कळलं पाहिजे, बनूचं पार्सल आलं!

खिडकीत नवा कारकून होता, वाईहून बदलून आलेला जोतीराम. उंच, सावळा, पांढराशुभ्र सदरा घातलेला. भिजलेली पार्सलं त्यानं छातीशी कवटाळून आत नेली आणि परत आला तो...

"अगं बाई!" बनूनं तोंडावर हात ठेवला.

सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत हळदच हळद! म्हातारे पोस्टमन नानासो ओरडले, "काय रं जोतीराम, लगीन कवा ठरलं? हळद बी लागली की!"

अख्खं पोस्ट खदाखदा हसलं. बनूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साबण लावा... जाईल," असं पुटपुटून तिनं धूम ठोकली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जोतीराम तिची वाटच बघत होता.

"साबण लावला," तो गंभीरपणे म्हणाला. "सदरा लालभडक झाला. घरमालकीण म्हणली, कुणाचा मुडदा पाडलास?"

बनूला हसू आवरेना. "आवं, उन्हात टाकायचा की! हळदीचा डाग ऊनच खातं. एवढं बी ठावं न्हाई?"

"न्हाई. आमच्या वाईच्या पोरींनी कधी शिकवलं न्हाई."

"मग काय शिकवलं त्यांनी?"

"कुणास ठावं... मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई."

बनूचे कान तापले. पार्सलं तिथंच ठेवून ती निघाली, ती पावतीसुद्धा विसरून!

मग दर बाजाराला लेबल बदलू लागलं. कधी काठ वेलीचा, कधी ठिपक्यांचा. कारण काय, तर जोतीरामला बोलायला काहीतरी मिळावं.

"हे पान हाय का पोपट?"

"पोपटच. खिडकीत बसून बडबडणारा."

असं गोड चाललं होतं, आणि एक दिवस आबांनी, म्हणजे बनूच्या वडिलांनी, सांगून टाकलं, "ऐतवारी इस्लामपूरची पाव्हणं तुला बघायला येणार."

झालं! जोतीराम तिला आवडत होता, जिवापाड आवडत होता. पण हा बाबा पोपटावर तासभर बोलेल, मुद्द्याचं एक अक्षर काढेल तर शपथ!

दुसऱ्याच दिवशी बाजार नसताना ती पोस्टात गेली. हातात नुसतं कोरं फळकूट.

"पार्सल कुठाय?" जोतीरामनं विचारलं.

"न्हाई आणलं. नवा ठसा कोरायचाय. ऐतवारी इस्लामपूरची पाव्हणं बघायला येत्यात. जमलं, तर पाठवणाराचा पत्ता बदलंल. म्हटलं... तुमास्नी इचारावं, काय कोरू?"

जोतीरामचा शिक्का मारायचा हात थांबला. "इस्लामपूर... नका कोरू."

"मग काय?"

"ते... बघू की..."

"बघू काय? लाकडावर घाव बसला की पुसता येत न्हाई!" बनूचे डोळे भरून आले, तशी ती पाठ फिरवून चालू लागली.

"बनुबाई जोतीराम!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की रांगेतली माणसं दचकली. मग खाली बघत म्हणाला, "असं कोरा... तुमची मर्जी असली तर. शनवारीच आईला घिऊन येतो."

बनू वळली. तिचा उजळलेला चेहरा बघून नानासो गालात हसले.

शनिवारी जोतीराम आईला घेऊन आला. कुळं जुळली, चहा झाला. तरी आबांची मान डुलेना.

"पोरगा झ्याक हाय. पण बदलीची नोकरी! आज सांगली, उद्या खंडाळा. पोरीनं जलमभर नवा पत्ताच कोरत बसायचं व्हय?"

जोतीराम पुन्हा खाली बघू लागला. बैठकीत बायकांनी बोलायची रीत नव्हती, पण आता गप्प बसली तर सगळंच गेलं! स्वयंपाकघराच्या दारातून बनूचा खणखणीत आवाज आला,

"कोरीन की, आबा! लाकडाला काय तोटा हाय आपल्यात?"

आबा आधी चपापले, मग मिशीत हसले आणि गड्याला म्हणाले, "इस्लामपूरला निरोप धाड. म्हणावं, येऊ नका."