रूथच्या पानावरची तारीख

घरात तिला सगळे ‘घाई’ म्हणायचे. बाप्तिस्म्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते पुरतं उच्चारेपर्यंत ती जिना उतरून गेलेली असायची! त्या शनिवारीही तेच. बस नीट थांबायच्या आतच तिने पायरीवरून उडी मारली, पिशवीचा बंद दांड्यात अडकला आणि आतलं जाडजूड बायबल फुटपाथवर आदळलं. पाठ आधीच खिळखिळी झालेली... ती उसवली, आणि पानं वाऱ्यावर निघाली.

“अहो, हलू नका — पाय पडेल पानावर!”

एक तरुण गुडघे टेकून पानं वेचत होता. बारीक पाऊस होता, आणि हा गृहस्थ छत्री स्वतःवर न धरता पानांवर धरून बसला होता. केसांवरून पाणी ओघळत होतं, कानावर पेन्सिल खोवलेली. घाईच्या मनात आलं, बरा आहे की दिसायला! मग लगेच स्वतःचीच लाज वाटली.

“घ्या. क्रमाने लावलीत,” तो म्हणाला.

“इतक्यात? पाठ आहे वाटतं बायबल!”

“छे, पानांवरचे आकडे बघून. बांधणीवाला आहे मी. आजवर पन्नासेक बायबलं शिवली असतील... वाचून पुरं एकही नाही केलं.”

“दिव्याखाली अंधार!” ती हसली. तोही हसला, आणि तिची दुसरी बस निघून गेली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

बायबल तिच्या पप्पांचं. पप्पा बसचे ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी गेले. ते म्हणायचे, “वचन नुसतं वाचून भागत नाही, त्याच्यावर भार टाकून बघायचा. गाडी नेल्याशिवाय पूल कळतो का?” अडचणीच्या दिवसात एखाद्या वचनावर विसंबून ते दिवस काढायचे, आणि त्या वचनाने तारलं की समासात पेन्सिलने तारीख घालायचे. आई आता रोज सकाळी त्यातली एक तारीख उघडायची, वाचायची, डोळे पुसायची आणि मगच चहा ठेवायची. घाई मात्र “रविवारी वाचीन” म्हणायची. रविवार कसले येतात हाती!

बायबल शिवायला टाकायला ती बांधणीवाल्याच्या दुकानात गेली. ते एका छापखान्याच्या मागे होतं. खळीचा वास, दोऱ्यांची रिळं, आणि पुस्तकं दाबून सपाट करायचा एक लोखंडी दाब. गिऱ्हाईक आलं की तो एका चिठ्ठीवरचे प्रश्न सावकाश वाचून दाखवायचा. पुठ्ठा जुनाच ठेवायचा का? फीत घालायची का? समासातल्या पेन्सिलच्या खुणा पुसायच्या का? घाईला चष्म्याच्या दुकानात पोचायला उशीर होत होता. तिथे ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची.

“हो, हो, सगळ्याला हो!” घड्याळाकडे बघत ती म्हणाली. “कधी मिळेल?”

“तीन आठवडे.”

“तीन? चष्मा मी अर्ध्या तासात देते!”

“चष्म्याला शिवण नसते,” तो शांतपणे म्हणाला. “मध्ये येऊन बघून जा... वाटलं तर.”

वाटलंच तिला. आठवड्याने आईने निवडलेली निळी फीत घेऊन ती गेली. खरं तर फीत पोस्टानेही पाठवता आली असती. टेबलावर सुट्या पानांच्या घड्या रचलेल्या होत्या, आणि शेजारी रबराचा चुरा. तिने वरची घडी उचलली. समास कोरा होता. दुसरी उचलली, तीही कोरी.

“तारखा...?” तिच्या तोंडचं पाणी पळालं. “पप्पांच्या तारखा कुठे गेल्या?”

त्याचा चेहरा उतरला. “उत्पत्तीपासून स्तोत्रांपर्यंत पुसल्यात. चूक माझी आहे. उगाच कोणी तारखा लिहीत नाही, मी थांबून पुन्हा विचारायला हवं होतं.”

“काय केलंत हे! आईची सकाळ होती ती!” ती रडायलाच लागली. तेवढ्यात तिची नजर खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठीवर गेली. तिसऱ्या प्रश्नापुढे ठळक ‘हो’ होतं. चिठ्ठी त्याच्या हाताशी होती, आणि त्याने ती दाखवली नव्हती.

“‘हो’ मीच म्हटलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“पुसलं मी.”

“म्हणजे आता चुकीवरूनही भांडायचं का आपण?” रडता रडता तिला हसू आलं. तिने डोळे पुसले आणि समासावरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. काचेवरचा बारीक चरा दिसत नसला की ती रोज काय करायची? “दिवा द्या इकडे... नाही, वरून नाही, बाजूने. अगदी तिरका!”

दिवा आडवा झाला आणि कोऱ्या समासात सावलीची एक तारीख उभी राहिली. पप्पांचा हात ब्रेक दाबणाऱ्याचा, पेन्सिलही तशीच दाबून चालायची. कागदावर वळ उमटले होते.

“उद्या ही पानं दाबात घालणार होतो,” बांधणीवाला पुटपुटला. “वळ सपाट झाले असते. एक दिवस, फक्त एक दिवस...”

“देवाचे उपकार,” ती म्हणाली. हे शब्द तिने आयुष्यभर तोंडाने म्हटले होते. आज ते पोटातून आले.

मग रोज दुकान सुटलं की ती यायची. ती दिवा धरायची, तो वाचायचा. तारीख कोणत्या वचनाची हे ठरवायला मागचापुढचा मजकूर वाचावा लागे, आणि एकदा वाचायला लागलं की पान सोडवत नसे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“दिवा हलतोय तुझा.”

“तू सारखा वर बघतोस म्हणून!”

“मी वचन शोधतोय.”

“माझ्या कपाळावर?”

तो लाजून पानात डोकं घालायचा. पण वाचताना मात्र तो जीव लावून वाचायचा. “मी इतकी वर्षं ही पानं शिवली,” एकदा तो म्हणाला, “आणि आत माझ्यासारख्या घाबरटांसाठी एवढं काही होतं! तुझ्या पप्पांनी मला वाचायला लावलं बघ.”

एक तारीख कोड्यात टाकणारी निघाली. रूथच्या दुसऱ्या अध्यायात. विधवा रूथ परक्या गावात धान्य वेचायला निघते आणि सहजच, नकळत, नेमकी त्याच माणसाच्या शेतात पोचते ज्याच्याशी पुढे तिचं लग्न होणार असतं. तारीख घाईच्या जन्माच्याही आधीची होती.

आता आईला सांगणं भाग होतं. घाईच्या पाचावर धारण बसली होती. बांधणीवाला म्हणाला, “मी येतो. पुसणारा समोर असायला हवा.” तिरक्या दिव्यासह सगळं आईपुढे ठेवलं. आई एकेक पान उलटत गेली. रूथच्या पानावर तिचं बोट थांबलं आणि ती एकदम लाजली!

“त्या दिवशी मी चुकीच्या बसमध्ये चढले होते,” ती म्हणाली. “ह्यांच्या.”

“काकू, सांगाल तर सगळ्या तारखा पुन्हा लिहून देतो,” तो म्हणाला.

“नको रे बाळा. त्यांच्या तारखा त्यांच्याच हाताच्या राहू देत. मला एक दिवा आणून द्या, मी तिरका धरीन. आणि पेन्सिल गेली म्हणून वचन थोडंच गेलं? रोज त्यानेच सावरलंय मला, तारखेने नाही.” मग दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, “तुम्हाला लिहायच्याच असतील तर स्वतःच्या लिहा.”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बायबल तयार झालं. वळ राहावेत म्हणून त्याने ते दाबात घातलंच नव्हतं, त्यामुळे थोडं फुगीर, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखं दिसत होतं. निळी फीत रूथच्या पानात होती. घाईने पान उघडलं. पप्पांच्या तारखेच्या वळाखाली, बारीक अक्षरात, ताज्या पेन्सिलने एक तारीख लिहिली होती.

त्या शनिवारची. बसच्या पायरीची.

“ही... कोणी लिहिली?”

“पूल पक्का आहे की नाही, बघायचं होतं.” त्याचे कान लाल झाले होते. “तुला नको असेल तर पुसतो. रबर टाकून दिलंय म्हणा, पण... नवं आणीन. उत्तराची घाई नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच तिला कसलीच घाई नव्हती. स्टूल ओढून ती बसली, आणि रूथचे उरलेले अध्याय ओळीवर बोट ठेवून सावकाश शेवटपर्यंत वाचले. तो खळीचं भांडं उगाचच ढवळत उभा होता.

“ह्याचा शेवट वाचलायस?” तिने पुस्तक मिटत विचारलं.

“दोनदा.”

“मग विचारतोस काय?” ती म्हणाली आणि त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. “आजची तारीख सांग.”