कराडचे समुद्रघोडे

ओट्यावर मिक्सरच्या शेजारी बारा लिटरची काचेची टाकी बसवायची म्हणून कुमुदताई डुबलांनी पिठाचा डबा माळ्यावर चढवला. येणारे पाहुणे नऊ होते, प्रत्येक जण भुईमुगाच्या शेंगेएवढा. बटू समुद्रघोडे.

कराडला दोन नद्या आहेत, समुद्र नाही. तरी समुद्री जीव वाचवणाऱ्या केंद्राने ते इथे पाठवले होते, आणि विचार करूनच. मूळच्या आखातात हे घोडे जवळजवळ संपले होते. उरलेले सगळे एका प्रयोगशाळेत ठेवले, तेव्हा एका दुपारी वादळात पंप बंद पडला आणि निम्मा वंश गेला. म्हणून आता ते सहाशे घरांत वाटले होते, वादळं पोचणार नाहीत अशा गावांत. आखातातलं समुद्रगवत पुन्हा वाढलं की त्यांना परत सोडायचं होतं.

अर्ज केला तेव्हा शेजारणींनी थट्टा केली, की निवृत्तीनंतर लोक मांजर पाळतात. कुमुदताईंनी ती मनावर घेतली नाही. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगाच्या परीक्षानळ्या धुतल्या होत्या. हा पहिला प्रयोग त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता.

टाकी त्यांनी केंद्राच्या पत्रकाबरहुकूम मांडली. आधी वाळू, मग शेपटी गुंडाळून बसायला खोटं गवत, आणि कोपऱ्यात हवेचे सावकाश बुडबुडे सोडणारी स्पंजाची गाळणी, कारण जोराच्या प्रवाहात हे घोडे टिकत नाहीत. सकाळ-संध्याकाळ त्यांना जिवंत खाणं लागे. उलट्या टांगलेल्या बाटलीत मिठाच्या पाण्यात सूक्ष्म कोळंबीची अंडी घातली की दुसऱ्या दिवशी नारिंगी पिल्लं वळवळत, ती ड्रॉपरने सोडायची. पाण्यात ‘जलसाक्षी’ उभा असे. ही बोटभर लांबीची काचेची कांडी पाण्यातले क्षार, उष्णता आणि धातू मोजून केंद्राला कळवायची. सगळं ठीक असलं की तिचं टोक हिरवं दिसे.

दर आठवड्याला दोन लिटर पाणी बदलायचं होतं. पत्रकात लिहिलं होतं, ‘घरातल्या सर्वात स्वच्छ भांड्यात मीठ विरघळवून एक दिवस ठेवावे.’ कुमुदताईंच्या घरात सर्वात स्वच्छ भांडं कोणतं, याबद्दल दुमत नव्हतं. पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी त्यांनी चिंच लावून लख्ख घासली, तीत मीठ कालवलं आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकीत ओतलं.

सकाळी जलसाक्षी लाल झालेला होता. कोळंबीची पिल्लं तळाशी निपचित पडली होती आणि त्यांच्याजवळ दोन घोडे. दुपारपर्यंत आणखी तीन गेले.

केंद्राचे डॉ. तिरोडकर फोनच्या पडद्यावर आले. भांडं कोणतं, एवढं एकच त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. खारट पाण्यात तांबं उतरतं हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. पण लोक पाण्यासाठी तांबं वापरतात, हे पत्रक लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. कुमुदताईंना मात्र त्याने दिलासा मिळाला नाही. प्रयोगशाळेत जन्म घालवून आपल्याला हे कळू नये, याची त्यांना लाज वाटली.

नियमाप्रमाणे दूषित टाकी बंद करायची आणि उरलेल्या चौघांना लवंगेच्या तेलात कायमचं झोपवायचं होतं. कुमुदताईंनी पाणी बदललं, पण तेल काही आणलं नाही. एका नराची पिशवी फुगली होती, या जातीत पिल्लं बापाच्या पोटातून येतात. त्यांनी आठ दिवस मागून घेतले. तिरोडकरांनी नाराजीने दिले.

सहाव्या दिवशी अकरा पिल्लं झाली, तिळाहून थोडी मोठी. वाळूत आणि स्पंजात मुरलेलं तांबं अजून पाण्यात झिरपत होतं, जलसाक्षी लालच होता. पिल्लं मात्र खात होती, म्हणून तिरोडकरांनी मुदत वाढवली. पंधरा दिवसांनी त्यातलं एकही कमी झालं नव्हतं.

मग तिरोडकर स्वतः कराडला आले, येताना एक छोटी बाटली घेऊन. त्यांनी टाकीसमोर बराच वेळ बसून पिल्लं मोजली. चहा घेता घेता सांगितलं, की केंद्राने दोनदा घोडे समुद्रात सोडून पाहिले आणि दोन्ही वेळा आठवड्यात सगळे मेले. जहाजांच्या रंगातून आणि खाणींतून तिथल्या पाण्यात तांबं उतरलं होतं, साधारण कुमुदताईंच्या टाकीत आज होतं तेवढं. स्वच्छ पाण्यात वाढलेले जीव तिथे जगत नव्हते. कुमुदताईंचे जगतील असं वाटत होतं.

“म्हणजे चूक नव्हती का माझी?” कुमुदताईंनी विचारलं.

“चूकच होती. पण आता तीच सहाशे घरांत करायची आहे. मोजून.” त्यांनी तांब्याच्या द्रावणाची ती बाटली ओट्यावर ठेवली. “दर महिन्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं. सुरुवात या अकरांपासून.”

“किती जातील?”

“निम्मी तरी. पण उरतील ती समुद्रात टिकतील, ताई. नाहीतर हे घोडे फक्त लोकांच्या ओट्यांवरच राहतील.”

कुमुदताई पिल्लांकडे पाहत राहिल्या. गवताच्या एका पात्याला तिघांनी मिळून शेपट्या गुंडाळल्या होत्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. सर म्हणत होते त्यात खोट काढता येत नव्हती, हेही त्यांना कळत होतं.

“करीन मी,” त्या म्हणाल्या. “सांगाल तेवढे थेंब घालीन. पण एक सांगा. घोड्यांना तांब्याची सवय लावायचं काम तुम्ही सहाशे घरांना दिलंत. समुद्रातलं तांबं काढायचं काम कुठल्या घरी दिलंय, सर?”