पाहुणीची ताटली

ईस्टरनंतरच्या सोमवारी घरात बसायचं नाही, टोपल्या भरून कुठेतरी उघड्यावर जाऊन जेवायचं, असा एत्ना या ज्वालामुखीच्या पायथ्याच्या गावांचा शिरस्ता आहे. पाऊस असो की वारा, त्या दिवशी घरी जेवणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर सगळ्यांशी भांडलेला. वेनेराच्या घरचे दरवर्षी समुद्रावर जात. यंदा मात्र तिच्या सासूबाईंनी, नुन्झियाबाईंनी, आठवडाभर आधीच सांगून टाकलं, "मला वर न्या. आपल्या घरी."

आपलं घर म्हणजे डोंगराच्या अंगावरचं, द्राक्षमळ्याला लागून असलेलं जुनं घर. वेनेराचा नवरा चिरीनो विशीत होता तेव्हाच ते लाव्ह्याखाली गेलं. आता तिथे काळा दगड होता आणि दगडाच्या भेगांतून उगवलेली पिवळ्या फुलांची झुडपं.

"काय बघायचंय तिथे?" चिरीनो कुरकुरला. "दगड बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?"

वेनेरा मात्र लगेच हो म्हणाली. तिचं कारण वेगळं होतं.

सासूबाई हिवाळ्यात त्यांच्याकडे राहायला आल्या, त्या येताना टॉवेलमध्ये गुंडाळून एक ताटली घेऊन आल्या होत्या. पांढरी, कडेने निळी लिंबाची पानं काढलेली, एका बाजूला टवका उडालेली. रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर त्या ती एका रिकाम्या खुर्चीसमोर मांडत, शेजारी पावाचा तुकडा आणि ग्लासात दोन घोट वाईन ठेवत. त्या ताटलीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सगळी भांडी झाली की शेवटी, बऱ्याच वेळाने, स्वतः धूत. म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, म्हणून वेनेराने तिकडे काणाडोळा केला. पण मग तिची सात वर्षांची लेक तीना जेवताना आपली खुर्ची बाजूला ओढून घ्यायला लागली.

"आई, सरक ना थोडी. तिला जागा पुरत नाही."

"कुणाला गं?"

"पाहुणीला," तीना म्हणाली, आणि गुपचूप जेवत राहिली.

तेव्हापासून वेनेराच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. पोरगी आधी जेवताना इतकी बडबडायची की डोकं उठायचं. आता ती पाणी पिण्याआधीसुद्धा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची. वेनेराने मनाशी ठरवलं, म्हातारीला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे की तिथे काही उरलेलं नाही. ती ताटली मांडायची थांबली की पोरगीही विसरेल.

सोमवारी सकाळी ते निघाले. बरोबर चिरीनोचा बालमित्र तानो आणि त्याची बायको ग्राझिया दुसऱ्या गाडीतून होते. तानोचं घर वर त्यांच्या शेजारीच होतं आणि त्या घराबरोबरच लाव्ह्याखाली गेलं होतं. तो मात्र त्यावर विनोद करून करून बरा झाला होता. रस्ता जिथे काळ्या दगडात शिरून संपत होता तिथे त्यांनी गाड्या लावल्या. सपाटशी जागा बघून घडीची टेबलं-खुर्च्या उघडल्या, निखारे केले. तानोने हत्तीचोकाचे, कमळाच्या कळीसारख्या त्या भाजीचे, गेंद आपटून त्यांच्या पाकळ्या फाकवल्या, त्यात लसूण, पुदिना आणि तेल भरलं आणि ते देठावर उभे निखाऱ्यांत खोचले. पायाखालचे सुटे दगड हलले की खापरं वाजावीत तसे वाजत होते.

"मावशी," तानो ओरडला, "तुमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर चूल मांडलीय मी. भाडं मागू नका."

"भाडं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी माझ्या खुराड्यातली अंडी पळवायचास, तेवढी परत दे."

सगळे हसले. ऊन छान होतं. वर बर्फाचे पट्टे, खाली लांबवर समुद्र. म्हातारी रडेल, हंबरडा फोडेल, अशी वेनेराला धास्ती होती. तसं काही झालं नाही. त्या शांतपणे काठी टेकत सगळ्यांपासून थोड्या दूर गेल्या. इकडे बघ, तिकडे बघ करत एका जागी थांबल्या, खाली वाकल्या आणि पिशवीतून एक रुमाल काढून दगडावर पसरला. त्यावर ताटली ठेवली.

वेनेरा उठून त्यांच्याकडे गेली. "आई, हे आता इथे कशाला?"

"बस जरा," सासूबाई म्हणाल्या. "इथे जेवणाची खोली होती. टेबल असं होतं, खिडकीला लागून."

वेनेरा बसली. दगड उन्हाने कोमट झाला होता.

एत्नाला तिथले लोक नावाने क्वचितच हाक मारतात. नुसतं 'ती' म्हणतात. ती झोपलीय, ती खोकतेय, ती आज रागावलीय. लाव्हा खाली उतरू लागला की ती निघालीय. सासूबाईही तशाच बोलायला लागल्या. "ती घरापर्यंत येणार असं कळलं की घर झाडून काढायचं, दारं उघडी टाकायची आणि टेबल मांडायचं. लांबून आलेली असते बिचारी, दमलेली, भुकेली. माझ्या आईने मांडलं होतं, आईच्या आईने मांडलं होतं. मीही मांडलं. हीच ताटली, पाव, वाईन. आणि आम्ही बाहेर पडलो. पण ती बागेच्या भिंतीपाशी येऊन थांबली."

"थांबली?"

"थांबली. चर्चच्या घंटा वाजल्या. लोक गळ्यात पडले, म्हणाले, नुन्झिया, वाचलीस. मी धावत घरात आले. आणि पहिलं काम काय केलं माहितेय? टेबल आवरलं. चांगली चिनी मातीची ताटली, उगीच कशाला वाया घालवायची..." त्यांनी उडालेल्या टवक्यावरून बोट फिरवलं. "पहाटे ती आत आली, आणि आम्ही ही ताटली घेऊन पळालो. मांडलेलं पान पाहुणीच्या तोंडासमोरून उचललं होतं मी. तेव्हापासून ती माझ्याकडे जेवते. रागावलेली नाही हं. उपाशी आहे."

वेनेराला राग यायला हवा होता. पण म्हातारी रुमालाच्या चुण्या बोटांनी नीट करत होती, आणि ते बघून तिचं मन कळवळलं.

"मी मेले की संपेल, असं वाटायचं," सासूबाई म्हणाल्या. "पण पोरगी तिला ओळखायला लागलीय. माझ्यामागे पोरीला मांडावं लागेल. ते नको मला. म्हणून आज तिची ताटली तिच्या घरी ठेवून जाते."

म्हणजे इतके महिने एकाच टेबलावर बसून दोघी एकाच गोष्टीला भीत होत्या. वेनेराला एकदम हलकं वाटलं. तिने स्वतः पाव मोडून ताटलीत ठेवला, ग्लासात वाईन ओतली.

सासूबाई दगडाकडे बघून म्हणाल्या, "जेव बाई. पोटभर जेव, आणि आपल्या घरी सुखाने राहा."

वारा पडला. दगडाच्या भेगेतून वास आला, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा.

"ग्राझिया," तिकडून तानो म्हणाला, "पाव गरम करायला ठेवलास काय?"

"मी कुठे? पाव टोपलीत आहे."

तानो काहीतरी विनोद करणार होता, तो त्याने केला नाही. तीना चेंडू हातात धरून त्या ताटलीकडे बघत उभी होती. मग ती "बसली" एवढंच म्हणाली आणि वळून चेंडू उडवत पळाली. कितीतरी दिवसांनी ती मोठ्याने ओरडत, हसत खेळली. वेनेराने त्या दुपारी तीन हत्तीचोक आणि सॉसेजचा मोठा तुकडा खाल्ला.

त्या डोंगरावर धुकं सांगून येत नाही. ग्राझिया संत्री सोलत होती, आणि दुसऱ्या क्षणी तिला स्वतःच्या हातातलं संत्रं दिसेना. रस्ता चुकला तर त्या दगडांत रात्र काढावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिरीनोने आईला आणि तीनाला हाताला धरून गाडीकडे नेलं. तानो आणि ग्राझियाने टेबलं मिटली. वेनेराने भांडी गोळा करायला घेतली. माहेरून आलेल्या बारा ताटल्यांपैकी इतक्या वर्षांत एकही जिने हरवू दिली नाही, अशी बाई ती. धुक्यात वाकून, हाताने चाचपत, ती एकेक उचलून टोपलीत टाकत गेली. एक रिकामी ताटली हाताला गरम लागली. निखाऱ्यांजवळ राहिली असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

तेवढ्यात आवाज आला. फरशीवर कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उठावं, तसा. अगदी जवळून, पायाखालून आल्यासारखा.

"तानो, खुर्च्या फरफटवू नकोस रे. पाय मोडतील त्यांचे."

तानोचा आवाज बराच लांबून, रस्त्याकडून आला. "खुर्च्या केव्हाच गाडीत चढल्या, वहिनी. तुम्ही या लवकर..."

वेनेरा टोपली छातीशी धरून आवाजाच्या दिशेने चालत सुटली.

गाडीत सासूबाई शांत झोपल्या होत्या, तोंडावर हसू होतं. तीना मागच्या सीटवर दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. तिच्या आणि आजीच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. दिवसभर खेळून दमली असेल, असं वेनेराला वाटलं.

घरी येऊन तिने टोपली मोरीत रिकामी केली. आपल्या ताटल्या एकावर एक रचल्या. आणि तळाशी ती दिसली. निळी लिंबाची पानं, उडालेला टवका.

वेनेराने हात मागे घेतला. पलीकडच्या खोलीत सासूबाई कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होत्या. या घरात त्या पहिल्यांदाच गात होत्या. जाऊन सांगावं? सांगायला तोंड उघडेना. फोडून टाकावी? पाहुणीची ताटली फोडायची, हा विचारसुद्धा तिला सोसवेना. उद्या आपणच एकटीने गाडी घेऊन जाऊ आणि ठेवून येऊ, असं तिने ठरवलं. ताटली टॉवेलमध्ये गुंडाळली, कपाटावर अगदी वर, भिंतीला टेकवून ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी धुकं खाली गावापर्यंत आलं होतं आणि वरचा रस्ता बंद झाला होता. दुपारी ती पास्ता वाढत होती. सासूबाई हाताची घडी घालून टेबलाशी बसल्या होत्या.

"आज चारच पानं," त्या चिरीनोला हसून म्हणाल्या. "सुटले रे बाबा."

कोपऱ्यातून खरखर आवाज आला. तीना पाचवी खुर्ची ओढत टेबलाकडे आणत होती.

"कुणासाठी गं?" वेनेराने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तिच्यासाठी. ताटली मी काढू का, आई?" तीना म्हणाली. "कपाटावर आहे ना, टॉवेलमध्ये. तिने सांगितलं मला..."

"नाही!" वेनेरा इतक्या जोरात ओरडली की चिरीनोच्या हातातला काटा खाली पडला. "तू नाही. तू कधीच हात लावायचा नाही. कळलं?"

तिने स्टूल घेतलं, चढली, ताटली काढली आणि रिकाम्या खुर्चीसमोर मांडली. पाव ठेवला. वाईन ओतली. चिरीनो दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. सासूबाईंच्या तोंडावरचं हसू विझत गेलं.

"धुक्यात... चुकून उचलली गेली," वेनेरा म्हणाली. "रस्ता उघडला की मी परत नेऊन ठेवते, आई."

"आता काय नेऊन ठेवणार..." सासूबाई म्हणाल्या. "दोनदा उचललीय तिच्या पुढून." मग त्यांनी हात पुढे करून ताटली अलगद सरकवली. "इथे नको, पोरी. तिला खिडकीजवळ लागतं."

रस्ता उघडल्यावर वेनेरा गेलीही होती. रुमाल होता तिथेच होता, वाऱ्याने उडाला नव्हता. तिने त्यावर ताटली ठेवली, सासूबाई म्हणाल्या होत्या तेच शब्द म्हटले आणि मागे न बघता परत आली. दार उघडलं तेव्हा तीना आपली खुर्ची बाजूला सरकवत होती. वेनेरा उलट्या पावली डोंगरावर गेली आणि ताटली घेऊन आली. लेकीने रिकाम्या हातांनी पाहुणीपुढे बसावं, हे तिच्याने बघवलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. चिरीनो म्हणाला, आईची हौस होती ती, आता पुरे कर. वेनेरा म्हणाली, राहू दे. तीना हल्ली पुन्हा जेवताना बडबडते, शाळेतल्या गमती सांगते. मांडायचं काम आईचं आहे, एवढं तिला समजलंय. आईच्या नंतर कुणाचं, ते तिने विचारलेलं नाही. वेनेरा रोज दुपारी खिडकीजवळ पाचवं पान मांडायची, ते आता चौथं झालंय, एवढाच फरक. जेवणं झाली की ती बाकीची भांडी घासते, ओटा पुसते, कॉफी करून पिते. मग शेवटी ती ताटली धुते. सासूबाई तिला इतका उशीर का लावायच्या, ते तिला आता कळतं. तेवढी एक ताटली निवायला वेळ लागतो.