एका घोड्याच्या कुप्या किती?

चाऱ्याच्या गाडीतल्या पेंढ्या कुणी मोजल्याच नाहीत. फाटकावरच्या कॅमेऱ्याने त्या पाहिल्या, ओल वजा केली आणि किती किलो सुका चारा आला ते भांडाराच्या पडद्यावर दाखवलं. भांडारप्रमुख मृण्मयी तांबवेकर तोवर निवांत चहा पीत होती. पूर्वी याच कामात तिची अर्धी सकाळ जायची, गाडीवाल्याशी हुज्जत घालावी लागायची ती वेगळीच.

ही सगळी ‘परिमाण’ या नव्या संगणकप्रणालीची कृपा. साठा सांभाळणाऱ्या जुन्या प्रणालींना एका मापाचं दुसरं माप कसं करायचं हे माणसाने शिकवावं लागे : एक पिंप म्हणजे इतके लिटर, एक खोकं म्हणजे इतक्या कुप्या. परिमाण ते गुणोत्तर स्वतःच शोधून काढायचं आणि यंत्रांना तसा हुकूमही सोडायचं.

कारखाना होता सर्पदंशावरच्या औषधाचा. घोड्यांना सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचायचं. त्यांच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार झाला, की थोडं रक्त काढायचं, त्यातला पिवळसर रक्तद्रव ठेवून घ्यायचा आणि तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या. मग घोड्याला महिनाभर सुट्टी. नव्या गाळणयंत्रामुळे सकाळच्या रक्तद्रवाच्या दुपारपर्यंत कुप्या भरून होत.

भाताची लावणी सुरू झाली होती. गावोगावच्या दवाखान्यांतून मागणी येत होती आणि काल संध्याकाळी साठा जवळजवळ संपला होता. त्यामुळे आज पडद्यावर बारा हजार कुप्या दिसल्या तेव्हा मृण्मयीला हायसंच वाटलं. चला, सुटलो एकदाचे! पण रात्रीतून एवढ्या कुप्या आल्या कुठून? तिने आकड्यावर बोट ठेवलं, तसा मागचा हिशेब उलगडत गेला. कुप्यांमागे लिटर होते, लिटरमागे नग, आणि नगापुढे लिहिलं होतं : कच्चा माल, घोडा.

घोडे कच्च्या मालात घातले होते ते तिने आणि तबेल्यातल्या लोकांनीच. कच्च्या मालाच्या नावावरच भांडारातून चारा सुटायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून काढलेली ती पळवाट होती. घोडा म्हणजे एक नग, नोंद केली की चारा मिळतो, विषय संपला. आता परिमाणने त्या नगाचे लिटर केले होते. महिन्याला काढायचे तेवढे नव्हे, घोड्याच्या अंगात असतात ते सगळे.

ती धावतच तबेल्याकडे सुटली.

शेवंती नावाची पांढरी घोडी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली होती. तिला सांभाळणारे चाँदभाई मुजावर हातात रक्ताळलेली नळी धरून उभे होते. नेहमीच्या पिशवीनंतर यंत्र थांबलंच नाही, ते सांगत होते. दुसरी पिशवी भरली, तिसरी लागली, पेशी परत सोडणारा पंप फिरलाच नाही, तेव्हा त्यांनी नळीच उपसली. मृण्मयीने बाकीच्या घोड्यांची यंत्रं बंद केली आणि पशुवैद्यांना फोन लावला. पेशी वेगळ्या करत बसू नका, ते म्हणाले, पिशव्यांतलं रक्त आहे तसं तिला परत चढवा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर घोडी जाईल.

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते. कुप्या राखून ठेवल्याचा परिमाणचा निरोप त्यांना पहाटेच मिळाला होता, म्हणून त्यांनी दुसरीकडे शोधाशोध केली नव्हती. लावणीवरच्या दोन बायकांना नाग चावला होता. एकीला श्वास जड जात होता. गाडी निघाली का, एवढंच त्यांना हवं होतं.

“कुप्या नाहीत, डॉक्टर,” मृण्मयी म्हणाली.

“अहो, तुमच्याच पडद्यावर दिसताहेत ना!”

“दिसताहेत. पण त्या अजून घोड्यांच्या अंगात आहेत.”

मग डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, की काढलेलं असं काहीच नाही का. मृण्मयीची नजर भरलेल्या पिशव्यांवर गेली. थांबा, एवढंच ती म्हणाली.

“ताई, तिचं तिला देऊ या ना परत,” चाँदभाई म्हणाले.

तिने पंप उलटा फिरवायची कळ दाबली. पंप हलला नाही. यंत्राच्या पडद्यावर एक ओळ उमटली. रुग्णांसाठी राखून ठेवलेला माल घोड्याला परत करायचा, तर परिमाणला आणखी एक गुणोत्तर हवं होतं आणि ते त्याला कुठेच सापडत नव्हतं. ‘एक घोडा म्हणजे किती रुग्ण?’ शेजारची चौकट रिकामी होती.

“काय विचारतंय ते?” शेवंतीचं डोकं मांडीवर घेत चाँदभाईंनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली आणि स्वतःशीच चरकली. कारण तिच्या मनात भागाकार केव्हाच सुरू झाला होता. पिशव्यांचे लिटर, लिटरच्या कुप्या, एका बाईला लागतील इतक्या कुप्या. उत्तर आता येतच होतं. ते आलं, तर ती चौकटीत भरणार होती का?