दांडीवरचं नाव

मेहरूणचा रोनक तुम्ही पाहिलाय. दुकानात मान खाली घालून बसतो ना, तोच. हे त्यानं मला एकदाच सांगितलंय. मध्ये कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

धाकट्या भावाच्या, पुनीतच्या लग्नाची पत्रिका द्यायला रोनक शिरपूरला मंदाबाईंकडे गेला होता. त्याच्या वडिलांच्या, चंपालालजींच्या दुकानाचं हे जुनं गिऱ्हाईक. परसात एक सायकल दिसली आणि पत्रिका हातातच राहिली. पठ्ठ्याला जुन्या सायकलींचं भारी वेड. उलटी केली, पायडलखालचा गंज खरवडून नंबर वाचला, सांध्यांवरची नक्षी पाहिली. सत्तर वर्षांपूर्वीचं विलायती पोलाद! आणि दांडीवर, भांड्यांवर घालतात तसं ठोकून घातलेलं नाव: उखर्डू.

"मना सासरानं नाव शे ते," मंदाबाई म्हणाल्या.

आधीची चार मुलं गेली, म्हणून सासऱ्याच्या आईनं या पाचव्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. टाकाऊ समजून मरणानं त्याच्याकडे बघू नये म्हणून. म्हातारा सांगायचा, एकदा रात्री रस्त्यात कोणीतरी विचारलं, 'कोण?' यानं नाव सांगितलं. अंधारातून एक हात आला, दांडीवरची अक्षरं चाचपून परत गेला. म्हातारा शहाण्णव वर्षांचा होऊन गेला.

"बठ्ठं बदल भाऊ, पन नाव राहू दे." मंदाबाईंनी सायकल दिली ती या एका अटीवर; बाकी सगळं बदलायला मोकळीक.

रोनक हो म्हणाला. हो म्हणायला काय जातं?

घरी आणून त्यानं फ्रीव्हील काढलं, मागे पक्की चकती बसवली. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. ब्रेक काढले, कॅरिअर काढलं, पावलं अडकवायला पायडलला पट्टे लावले. आणि एवढ्या देखण्या सायकलवर उकिरड्याचं नाव? अक्षरांत पितळ भरलं, कानस मारली, काळा रंग दिला. गुळगुळीत.

"भैया, त्यांना शब्द दिला होतास," पुनीत म्हणाला.

"तू तुझी हळद सांभाळ."

चोवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस, रविवार. रात्रीचे पावणेबारा. सायकल तयार झाली, आणि सकाळपर्यंत थांबेल तो रोनक कसला! त्यानं ती मेहरूण तलावाच्या रस्त्यावर काढली. एक फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत पायडल जड झालं. मागे कोणी बसावं तसं. मागे बसायला जागाच नव्हती.

मग पायडल आपोआप पळायला लागलं. पाय पट्ट्यांत. सुटेनात. गुडघे वर, खाली, वर...

कानाशी आवाज आला.

"कोण?"

"उखर्डू!" रोनक ओरडला.

दांडीवर हात आला. दिसला नाही. नखं ऐकू आली. पुढून मागे. मागून पुढे. शोधत होती...

"कोण?"

"उखर्डूच... उखर्डू..."

नखं थांबली. मग त्याच्या मांडीवर आली.

"कोण?"

...

"पुनीत," रोनक म्हणाला.

सायकल जागच्या जागी उभी राहिली.

घाबरून तोंडातून निसटलं, असं तो म्हणतो. मला नाही पटत. घाबरलेला माणूस आईला हाक मारतो. यानं विचार केला. तेवढा वेळ होता त्याच्याकडे.

घरी आला. पुनीत गाढ झोपलेला, श्वास चालू. रोनकनं त्याला उठवलं नाही. पांघरूण ओढून स्वतःही झोपला. झोप लागली, असं तोच सांगतो.

सकाळी पुनीत गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. लग्नाला उरले होते दहा दिवस.

तिरडीवर ठेवला तर पाय सरळ होईनात. एक ताठ. एक गुडघ्यात दुमडलेला. चंपालालजी पुढे झाले. लेकाचा दुमडलेला गुडघा दोन्ही हातांनी हळूहळू खाली दाबला. तो सरळ झाला...

आणि दुसरा वर आला.